पाणी कुठे मुरतंय?

दहा-बारा वर्षांच्या गाडीचा मालक गॅरेजमध्ये गेला की एक वाक्य हमखास ऐकून येतो : "जुनी गाडी आहे साहेब, थोडं पाणी पिणारच." गाडी पाणी पीत नसते. इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यात फिरणारं कूलंट डिझेलसारखं जळत नाही आणि वायपरच्या पाण्यासारखं वापरून संपतही नाही. वर्ष-दीड वर्षात पातळी बोटभर उतरली तर सोडून देता येईल. दर महिन्याला भर घालावी लागत असेल, तर कुठेतरी वाट फुटली आहे हे नक्की. ती शोधायचा खर्च इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

थेंब दिसत नाही, तरी पातळी उतरते

मोठी गळती लपत नाही, गाडीखाली तळं साचतं. बारीक गळतीचा थेंब मात्र जमिनीपर्यंत पोचतच नाही. चालत्या इंजिनात कूलंट 90 अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि शेजारचा एक्झॉस्टचा पाईप त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. सांध्यातून आलेला थेंब तिथल्या तिथे वाळतो आणि मागे पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरपुडी उरते. काही गळत्या तर उलट्या वागतात. इंजिन तापलं की धातू आणि रबर फुगून सांधा घट्ट बसतो, आणि रात्री गाडी गार पडली की पाझर सुरू होतो. अशी गाडी दुपारी गॅरेजात नेली की मिस्त्री तिला "ओके" म्हणून परत पाठवतो आणि त्यात त्याचाही दोष नसतो.

म्हणून आधी मोजायला शिकायचं. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी राहू द्या. सकाळी सुरू करण्याआधी कूलंटच्या टाकीवर पातळीपाशी मार्करने रेघ मारा, शेजारी तारीख आणि किलोमीटर लिहा. गरम गाडीत पातळी बघून काही कळत नाही, कारण तापल्यावर कूलंट फुगतं. ही रेघ आठ-पंधरा दिवस बघितली की गळतीचा वेग कळतो. वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला महिना लागत असेल तर सवडीने शोध घ्या. आठवड्यात तेवढी उतरत असेल तर घाटरस्त्याचा बेत रद्द करा.

उन्हाळ्यात एक गोंधळ नेहमी होतो. पुढच्या सीटखालच्या बाजूला टपटपणारं स्वच्छ, बिनवासाचं पाणी हे एसीचं असतं, त्याची काळजी नको. कूलंटला रंग असतो, बोटांना ते बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास येतो.

नुसतं पाणी ओतत राहिलं तर

आपल्याकडे कूलंट गोठण्याचा प्रश्न नाही, मग नळाचं पाणी का चालू नये, हा प्रश्न रास्त वाटतो. त्याचं उत्तर हिशोबातून मिळतं. समजा यंत्रणेत पाच लिटर द्रव आहे, निम्मं इथिलिन ग्लायकॉल आणि निम्मं पाणी. दर महिन्याला अर्धा लिटर पाझरतं आणि मालक तेवढंच पाणी ओततो. म्हणजे दर वेळी आत उरलेल्या ग्लायकॉलचा दहावा हिस्सा बाहेर जातो. सहा महिन्यांत 50 टक्क्यांचं प्रमाण 27 टक्क्यांवर येतं आणि वर्षभरात 14 टक्क्यांवर. टाकी भरलेलीच दिसते, रंग फिकट का होईना पण असतो, आणि आत जवळजवळ पाणीच फिरत असतं.

ग्लायकॉलबरोबर गंज रोखणारी रसायनंही निघून जातात, आणि हे नुकसान जास्त मोठं आहे. ॲल्युमिनियमचा रेडिएटर आतून खाल्ला जातो, लोखंडी ब्लॉकला गंज धरतो, त्याचा गाळ पंपाच्या सीलवर घासतो. पाणी बोअरचं असेल, तर त्यातल्या क्षारांचा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. एका गळतीपायी अशा तीन नव्या गळत्या तयार होतात. अडचणीच्या वेळी पाणी ओतावंच लागलं, तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी वापरा. ते कोणत्याही पेट्रोल पंपाशेजारी मिळतं.

झाकण : सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा कोरलेला असतो. तो बारमधला दाब आहे. कुकरच्या शिट्टीचं जे काम, तेच या झाकणाचं : ठरलेल्या आकड्यापर्यंत दाब धरून ठेवायचा आणि त्यापुढे सोडून द्यायचा. दाबाखाली द्रव उशिरा उकळतो. साधं पाणी उघड्यावर 100 अंशांना उकळतं, 0.9 बारच्या झाकणाखाली 119 च्या आसपास, आणि निम्मं-निम्मं कूलंट त्याच झाकणाखाली सव्वाशेच्या पुढे.

आता झाकणाचं रबर कडक झालं आहे आणि आत बहुतांश पाणी आहे, अशी गाडी मे महिन्यात वाईहून पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला निघाली तर काय होईल, ते बघा. महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. तिथे उघड्यावर पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. कूलंट रेडिएटरकडे सोडणारा इंजिनाचा थर्मोस्टॅट उघडतो मुळात 82 ते 88 अंशांना. मधला फरक इतका थोडा उरतो की चार माणसं, डिकीतलं सामान आणि चालू एसी एवढ्यावर गाडी वाफ सोडते. घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांत इंजिन बिघडलेलंच असेल असं नसतं.

झाकणात एक छोटी उलटी झडपही असते. इंजिन गार होताना टाकीतलं कूलंट ती परत आत ओढू देते. ती अडकली तर टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, असं चित्र दिसतं. झाकण काही शे रुपयांत येतं. गळतीचा संशय आला की ते पहिल्यांदा बदलावं, फक्त आकडा गाडीच्या मूळ झाकणाचाच हवा. जास्त आकड्याचं झाकण म्हणजे जास्त चांगलं, असं समजून जुन्या रेडिएटरवर 1.1 चं बसवलं, तर कमकुवत सांधे सुटतात.

शोध कुठून सुरू करायचा

थंड इंजिन, चांगला टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन वरून खाली या, कारण गळती ओघळून भलतीकडे दिसते. ओल जिथे दिसते त्याच्या वर बघत जायचं.

रबरी पाईपांची टोकं आधी तपासा. क्लिपभोवती खरपुडी, पाईप दाबल्यावर करकर आवाज किंवा लिबलिबीत स्पर्श, टोकाशी बारीक चिरा, यातलं काहीही दिसलं तर पाईप बदलायचा. क्लिप आवळून भागवण्याचा मोह होतो, पण कडक झालेला पाईप आवळल्याने क्लिप रबरात रुतते आणि चीर वाढते. वरचा जाड पाईप सगळे बघतात. खालचा आणि इंजिनामागून केबिनच्या पत्र्याकडे जाणारे दोन बारीक पाईप विसरले जातात.

मग रेडिएटर. पूर्वीच्या ॲम्बॅसिडर-फियाटला तांब्या-पितळेचा रेडिएटर असे. गळला की कारागीर डाग देऊन द्यायचा आणि तो पुढे वर्षानुवर्षं चालायचा. आताच्या गाड्यांत ॲल्युमिनियमच्या जाळीला दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात, मध्ये रबरी पट्टी आणि वरून धातूच्या दुमडी. उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ होतं आणि पट्टी सुकते, म्हणून पाझर बहुधा याच जोडावर दिसतो. हा जोड टिकाऊ दुरुस्त करणारा माणूस विरळा. बहुतेक वेळा नवा रेडिएटर घेणंच शहाणपणाचं.

वॉटर पंपाच्या खाली एक छोटं छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट त्यातून बाहेर येतं, म्हणजे बेअरिंग खराब होण्याआधी मालकाला कळावं. हे छिद्र कुणी बुजवू म्हटलं तर त्या गॅरेजातून निघा. काही इंजिनांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. अशा गाडीत बेल्ट बदलताना पंपही बदलून घ्यावा, कारण उघडाउघडीची मजुरी तीच.

एवढं करून सापडलं नाही, तर दाबाची चाचणी करून घ्या. हातपंपासारखं साधन रेडिएटरच्या तोंडावर बसवून झाकणावरच्या आकड्याइतकी हवा भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. इंजिन बंद आणि थंड असल्याने थेंब वाळत नाही, आपली जागा दाखवतो. काटा उतरतोय आणि बाहेर कुठेच ओल नाही, याचा अर्थ गळती आत आहे. ज्या गॅरेजात हे साधन नाही, तिथे रेडिएटर बदलायचा निर्णय घेऊ नये, असं माझं मत आहे.

पायाखालचा गालिचा ओला

मुंबई-कोकणात कारचा हीटर कुणी लावत नाही, पण बऱ्याच गाड्यांत हीटरच्या छोट्या रेडिएटरमधून कूलंट कायम फिरत असतं. डॅशबोर्डमागचा हा भाग पाझरू लागला की केबिनमध्ये गोड वास येतो, काचेवर चिकट धुकं धरतं, पायाखालचा गालिचा ओला होतो. तो बदलायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो, म्हणून अनेक मिस्त्री त्याचे दोन पाईप इंजिनाच्या बाजूलाच एकमेकांना जोडून देतात. किनारपट्टीवर एवढ्यावर भागतं आणि मला त्यात गैर वाटत नाही. त्यात गमावलं काय, ते पुढे घाटाबद्दलच्या भागात येईल.

नको असलेलं उत्तर : हेड गॅस्केट

बाहेर काहीच सापडत नाही तेव्हा संशय हेड गॅस्केटवर येतो. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत वरचा पाईप दगडासारखा कडक होणं, टाकीत सतत बुडबुडे येणं, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहणं, ही त्याची लक्षणं. ऑइलच्या झाकणाखाली साय दिसली म्हणून लगेच घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ओलाव्यानेही थोडी साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधी दिसलं तर मात्र गाडी चालवू नका.

खात्रीची चाचणी रसायनाची आहे. रेडिएटरच्या तोंडाशी निळा द्रव असलेली नळी धरतात. इंजिनातला जळका वायू कूलंटमध्ये मिसळत असेल तर निळा रंग पिवळा होतो. ही चाचणी न करता हेड उघडू देऊ नका. डिझेल गाडीत एक्झॉस्टचा वायू गार करणारा ईजीआर कूलर फुटूनही कूलंट असंच निमूट नाहीसं होतं, याचीही मिस्त्रीला आठवण करून द्या.

हळद, एम-सील आणि बाटलीतलं औषध

रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा उपाय महाराष्ट्रातल्या कुठल्याही हायवेवर ऐकायला मिळतो. हळदीचे कण भोकापाशी साठतात आणि पाझर थांबतो, हे खरं आहे. बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक बाटल्यांचंही तत्त्व जवळपास तेच. पण कणांना भोक कोणतं आणि रेडिएटरची नळी कोणती, हे कळत नाही. प्लॅस्टिकच्या टाकीवर लावलेलं एम-सीलही गरम-थंड होऊन काही दिवसांत सुटतं. रात्री कशेडी घाटात अडकलात तर हळद जरूर टाका. घरी पोचल्यावर मात्र यंत्रणा धुऊन दुरुस्ती करा.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं हा आपल्याकडचा आणखी एक लाडका इलाज. त्याने गळती थांबत नाही, इंजिन योग्य तापमानाला पोचायला वेळ लागतो आणि इंधन जास्त जातं.

नवं कूलंट भरताना

रंगावर जाऊ नका. हिरवा, लाल, निळा यांना सर्वमान्य अर्थ नाही. गाडीच्या पुस्तिकेतला प्रकार बघा आणि डब्यावर ते तयार मिश्रण आहे की पाणी घालायचं आहे, हे वाचा. वेगळ्या जातीची दोन कूलंट मिसळली तर गंजरोधकांचं आयुष्य घटतं, कधी गाळही होतो. भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत इंजिन चालू द्या, म्हणजे अडकलेली हवा निघते. गार झाल्यावर पातळी पुन्हा बघा.

घाटात तापमानाचा काटा चढला तर

एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात. केबिनमध्ये उकडेल, पण इंजिनाची तेवढी उष्णता कमी होते. हीटरचे पाईप जोडून टाकलेले असतील तर हा मार्ग तुमच्यासाठी बंद. काटा तरीही उतरला नाही तर कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. दाब सुटताच आतला द्रव एकदम वाफ होऊन तोंडावर येतो. तापलेल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो.

काटा अचानक खाली आला तर हुरळून जाऊ नका. कूलंट सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सरला फक्त वाफ लागते आणि काटा खोटं बोलतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो. तो लागला की पुढच्या गावाची वाट बघायची नाही.

सांडलेलं कूलंट

इथिलिन ग्लायकॉल विषारी आहे. चवीला गोड असल्याने कुत्री-मांजरं ते चाटतात, आणि थोड्याशा मात्रेनेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. माणसालाही त्याची बाधा होते. कूलंट थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून घरात ठेवू नका. पार्किंगमध्ये सांडलं तर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून टिपून घ्या, मग जागा भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं जुनं कूलंट गटारात ओतू नका, घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर नाव लिहून गॅरेजकडे द्या.