छातीत दुखतंय? सॉर्बिट्रेट देण्याआधी हे विचारा

छातीत कळ आली की शेजारचे काका खिशातली सॉर्बिट्रेट काढून जिभेखाली ठेवायला देतात. ही गोळी रक्तवाहिन्या सैल करते, त्यामुळे बीपीही उतरतं. वरचा आकडा ९० च्या खाली असेल तर ती देऊच नये. गेल्या २४ तासांत सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रा, किंवा ४८ तासांत टाडालाफिल घेतली असेल, तर बीपी एकदम कोसळून जिवावर बेतू शकतं. टाडालाफिल प्रोस्टेटसाठीही देतात. व्हायग्राचं मात्र माणूस घरच्यांसमोर बोलत नाही. त्यांना जरा बाहेर पाठवून विचारलेलं बरं. हृदयाच्या उजव्या कप्प्याला झटका असेल तरी ती धोक्याची, आणि ते ईसीजीशिवाय कळत नाही. दुसऱ्याची गोळी देण्याआधी १०८ लावा. कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र, तिन्हीकडे नंबर तोच.