गोळीवर गोळी
लेखमाला : आपली औषधं, आपली काळजी (लेखांक ६)

मागच्या आठवड्यात आपण स्ट्रिपवर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत छापलेलं मूळ औषधाचं नाव शोधायला शिकलो. आज ते नाव कामी येणार आहे. घरात कोणी बीपीची गोळी घेत असेल तर त्यांची स्ट्रिप समोर घ्या. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ असेल, म्हणजे रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल यांपैकी काही, तर विचारा : खोकला येतो का?

साधारण दहा जणांत एकाला येतो. बायकांना जरा जास्त. कफ नसतो, नुसती घशात खवखव आणि आडवं झालं की ढास. फसगत होते ती वेळेमुळे. हा खोकला कधी आठवड्यात सुरू होतो, कधी कित्येक महिन्यांनी. सहा महिने सुखाने घेतलेल्या गोळीवर कोण संशय घेणार? मग आलं-मध होतं, खडीसाखर होते, खोकल्याच्या दोन बाटल्या संपतात, अँटिबायोटिक होतं, छातीचा एक्स-रे निघतो. दरम्यान खिडकीतल्या कबुतरांवर दोषारोप झालेला असतोच.

या खोकल्याची गोष्ट ब्राझीलमधल्या एका विषारी सापापासून सुरू होते. जराराका त्याचं नाव. १९४९ साली तिथल्या रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसलं, की या सापाच्या विषामुळे रक्तात एक द्रव्य तयार होतं आणि त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. ते ब्रॅडिकायनिन. पुढे सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात ब्रॅडिकायनिनचा जोर वाढवणारा पदार्थ सापडला. त्या धाग्यावरून कॅप्टोप्रिल घडलं आणि १९८१ साली अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली. सगळी ‘प्रिल’ मंडळी त्याच घराण्यातली. शरीरातलं एक विकर रक्तदाब वाढवणारं द्रव्य तयार करतं आणि तेच विकर ब्रॅडिकायनिनचा निकालही लावतं. ही गोळी त्या विकराला रोखते. दाब उतरतो, पण ब्रॅडिकायनिन साचून राहतं आणि श्वासनलिकेतल्या नसांना चाळवतं. मूळ कारण तिथे असताना खोकल्याच्या बाटलीने फारसं काय होणार? डॉक्टर गोळी बदलून टेल्मिसार्टन किंवा लोसार्टनसारखी देतात आणि बहुधा एक ते चार आठवड्यांत खोकला जातो. काहींना दोन-तीन महिनेही लागतात.

खोकल्यावर निभावलं तर बरंच म्हणायचं. याहून लांबची साखळी अ‍ॅम्लोडिपिनची असते. बीपीसाठी घरोघरी चालणारी ही गोळी, विशेषतः १० मिलिग्रॅमची, काहींच्या घोट्यांवर सूज आणते. संध्याकाळी मोज्यांचा वळ उठतो. छोट्या धमन्या रुंदावल्यामुळे पाणी पेशींभोवती झिरपतं, म्हणून ही सूज. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं. पण सूज दिसली की लघवीची गोळी सुरू होते. तिने ही सूज फारशी हटत नाही, उलट पोटॅशियम उतरतं, पायात गोळे येतात, युरिक अ‍ॅसिड वाढतं. एके रात्री अंगठ्याचा सांधा लाल होऊन ठणकायला लागतो. त्यावर वेदनाशामक. वेदनाशामकाने बीपी पुन्हा चढतं. आणि मग अर्थातच बीपीची गोळी वाढते.

गुरविट्झ आणि रोशॉन या डॉक्टरांनी १९९७ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या प्रकारावर लेख लिहिला आणि ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ हे नाव रूढ झालं. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजला जातो आणि त्याच्यासाठी दुसरं औषध येतं. आपल्याकडे याला वाव जास्त, असं माझं मत आहे. हृदयाचे डॉक्टर वेगळे, हाडांचे वेगळे, तापाला कोपऱ्यावरचे. प्रत्येकाकडे आपली स्वतंत्र फाइल. त्यात मेडिकलवाला स्ट्रिप कापून चार गोळ्या देतो आणि नाव त्याच्याकडच्या तुकड्यावर राहतं. कापायचीच असेल तर नावाची बाजू मागून घ्या.

म्हणून प्रत्येक नवी गोळी सुरू केल्याची तारीख वहीत लिहा. डोस वाढला तर तीही लिहा. नवी तक्रार उद्भवली की पान उलटून पाहा, आणि सगळ्या स्ट्रिपा पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. गुडघ्यासाठी कोणी दिलेली पुडी आणि न विचारता घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्याही त्यात हव्यात. विचारायचं एवढंच : डॉक्टर, हे यातल्या एखाद्या गोळीमुळे होत असेल का? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

गोळी गरम पडली म्हणून मनानेच बंद करणं मात्र धोक्याचं. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल एकदम सोडलं तर छातीत दुखू शकतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. फिटची गोळी सोडली तर फिट येते. बरेच दिवस घेतलेलं स्टेरॉइड डॉक्टर टप्प्याटप्प्यानेच कमी करतात. अपवाद एक : ओठ, जीभ किंवा घसा सुजायला लागला, तर पुढची गोळी घ्यायची नाही, वहीबिही शोधत बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं. ‘प्रिल’ गोळ्यांनी असं क्वचितच होतं, पण वर्षानुवर्षं घेणाऱ्यालाही होऊ शकतं.

दुष्परिणामाची नोंद रुग्णालाही करता येते, हे फार थोड्यांना माहीत असतं. भारतात २०१० पासून औषध-दक्षता कार्यक्रम चालतो. त्याचं मुख्य केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा विनामूल्य क्रमांक. गोळीमुळेच झालं याची खात्री नसली, नुसता संशय असला, तरी कळवता येतं.

(पुढच्या आठवड्यात : वेदनाशामक गोळ्या आणि मूत्रपिंड)