म्हाताऱ्या कारवानीचं अंथरूण

जालना हा कापसाचा जिल्हा. घरातल्या कुत्र्यालाही बहुधा जुनी, बसलेली कापसाची गादी मिळते. तरुण कुत्र्याचं त्यावर भागतं. म्हाताऱ्याचं नाही.

कारवानी, म्हणजेच मुधोळ हाउंड, याचं बोलकं उदाहरण. २००५ साली टपाल तिकिटावर झळकलेला हा शिकारी कुत्रा उंच, सडपातळ; अंगावर चरबी नाममात्र. वय झालं की कोपराची, कमरेची हाडं थेट फरशीला टेकतात. कोपरावरचे केस जातात, कातडी राठ होते, घट्टा पडतो. सांधे धरले असतील तर बिचारा पुढचे पाय रोवून मागचं अंग ओढत उठतो.

गादीची परीक्षा सोपी आहे. कुत्रा झोपतो तिथे मूठ दाबा. फरशी लागली, तर गादी बाद! पिंजून घेतलेला कापूस पुन्हा फुलतो, पण वापराने परत दबतोच. म्हणून खाली घट्ट फोम, वर पातळ गोधडी ही जोडी उत्तम. पाय पसरता येतील एवढी लांबी, बुटका काठ आणि धुता येणारी खोळ हवी. शहाबादी फरशीवर गादी सरकते, तेव्हा खाली रबरी चटई घाला.

मेमरी फोम मात्र ऊब धरून ठेवतो. जालन्याच्या मे महिन्यात त्यावर सुती चादर हवीच, आणि शेजारी गार फरशीचा मोकळा कोपराही.