आभासी यंत्र आणि मूक आज्ञा

विंडोज चालू असलेल्या संगणकावर, तिच्याच एका चौकटीत, लिनक्स चालविणे ही गोष्ट आता प्रयोगशाळांतून नित्याची झाली आहे. परंतु अतिपरिचयामुळे तिच्या मुळाशी असलेला प्रश्न दृष्टीआड होतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्रावर पूर्ण सत्ता चालविणारी प्रणाली होय. मग एका यंत्रावर असे दोन सत्ताधीश कसे नांदावेत? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचाच विचार करावयाचा आहे.

प्रोसेसरच्या दोन अवस्था असतात: एक अधिकारावस्था व दुसरी सामान्य अवस्था. मेमरीची वाटणी बदलणे, बाह्य उपकरणांकडून येणारे व्यत्यय-संकेत रोखून धरणे, यांसारख्या आज्ञा केवळ पहिल्या अवस्थेत पाळल्या जातात. सामान्य अवस्थेतील प्रोग्रामने अशी आज्ञा दिल्यास प्रोसेसर ती नाकारतो आणि नियंत्रण वरिष्ठ प्रणालीकडे सोपवितो. या क्रियेस ‘ट्रॅप’ म्हणतात. आभासी यंत्राची सर्व युक्ती या नकारावर आधारलेली आहे. पाहुण्या प्रणालीस सामान्य अवस्थेत ठेवावयाचे. तिने अधिकाराची आज्ञा दिली की ट्रॅप होतो, नियंत्रक प्रोग्राम त्या आज्ञेचा परिणाम खऱ्या यंत्रावर न घडविता पाहुणीसाठी राखलेल्या नोंदींत घडवितो आणि तिला पुढे जाऊ देतो. बेरीज-वजाबाकीसारख्या निरुपद्रवी आज्ञा मात्र थेट प्रोसेसरवरच चालतात. म्हणून वेग फारसा घटत नाही.

ही कल्पना नवी नव्हे. अमेरिकेतील केंब्रिज येथील आयबीएमच्या केंद्रात १९६४ साली आरंभिलेली सीपी-४० ही प्रणाली १९६७ मध्ये वापरात आली, आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने तिचा वारसा ग्राहकांपर्यंत पोहोचला. या अनुभवास शास्त्रीय रूप दिले ते १९७४ मध्ये जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी. यंत्राच्या अधिकारविषयक स्थितीस हात घालणाऱ्या, अथवा त्या स्थितीवर ज्यांचा परिणाम अवलंबून असतो अशा आज्ञांना त्यांनी ‘संवेदनशील’ म्हटले. अशी प्रत्येक आज्ञा सामान्य अवस्थेत ट्रॅप घडवीत असेल, तर त्या यंत्रासाठी आभासी यंत्राचा नियंत्रक रचता येतो, असा त्यांचा सिद्धांत आहे.

वैयक्तिक संगणकांत सर्वत्र पसरलेले इंटेलचे एक्स-८६ कुळ नेमकी हीच अट मोडीत होते. ‘पॉपएफ’ ही आज्ञा घ्या. अधिकारावस्थेत ती व्यत्यय-संकेत बंद करू शकते. सामान्य अवस्थेत प्रोसेसर तेवढा भाग पाळत नाही. परंतु नकारही कळवीत नाही. पाहुणी समजते, संकेत बंद झाले. प्रत्यक्षात ते चालूच असतात आणि नियंत्रकास याची वार्ताही नसते. पेंटियममध्ये अशा १७ आज्ञा असल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दाखविण्यात आले.

या अडचणीतून मार्ग निघाला तो भाषांतराचा. १९९९ मध्ये व्हीएमवेअरने वैयक्तिक संगणकासाठी जी प्रणाली आणली, ती पाहुणीच्या गाभ्यातील आज्ञा चालविण्यापूर्वी तपासून घेई आणि धोक्याच्या आज्ञांच्या जागी निर्धोक आज्ञा योजी. पुढे २००५-०६ मध्ये इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच सुधारणा केली. पाहुणीस आपली अधिकारावस्था वापरता यावी, आणि तरीही ठरावीक प्रसंगी नियंत्रण नियंत्रकाकडे परत यावे, अशी सोय त्यांनी केली.

संशोधकाच्या दृष्टीने यातून एक सावधगिरी निष्पन्न होते. जुना प्रोग्राम आभासी यंत्रात चालवून पूर्वीचे निष्कर्ष पडताळणे युक्तच आहे. तथापि पोपेक-गोल्डबर्ग यांनी आश्वासन दिले आहे ते वर्तनाच्या सारखेपणाचे. काळाचे मोजमाप त्यांनी त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. प्रत्येक ट्रॅप काही वेळ घेतो, आणि पाहुणीला तो घड्याळात नेहमीच दिसतो असे नाही. यास्तव आभासी यंत्रातील उत्तर स्वीकारावे. परंतु ते किती वेळात आले याची नोंद प्रत्यक्ष यंत्रावरच करावी. जो नकार ऐकू येतो त्यावर उपाय योजता येतो. पॉपएफचा धडा हाच की, मूक राहिलेली चूक मात्र निष्कर्षात शिरते.