अंड्यातील शिदोरी

जाम आणि कन्हान या आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या नद्या. पावसाळ्याच्या तोंडावर मासोळी कापली की पुष्कळदा पोटात अंडी निघतात. कोकणात त्यांना गाभोळी म्हणतात. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट या काळात नद्यांतील मासेमारी बंद असते. ती का, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा मी त्यांना अंड्यातील प्रथिनांची हकीकत सांगतो.

अंड्यातला बहुतेक बलक मुळात अंडाशयात तयार होत नाही. मादीच्या यकृतात व्हायटेलोजेनिन नावाचे मोठे प्रथिन तयार होते. ते रक्तावाटे अंडाशयात जाते आणि वाढत्या अंडपेशी ते आत ओढून घेतात. तिथे त्याचे लिपोव्हायटेलिन, फॉस्व्हिटिन असे तुकडे होऊन साठतात. हीच पिल्लाची शिदोरी.

1957 साली हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांचे प्रजनन घडवून आणले. मत्स्यबीज केंद्रांचा पाया त्यातूनच घातला गेला. पण इंजेक्शनने तयार अंडी सुटतात एवढेच. त्यांत बलक भरण्याचे काम मादीने आधी केलेले असावे लागते.

फलनानंतर हिशेब बदलतो. विकरे बलकातील प्रथिने कापू लागतात आणि अमिनो आम्ले सुटी होतात. काही अमिनो आम्ले ऊर्जेसाठी खर्च होतात, तर बाकीच्यांतून नवी प्रथिने घडतात : स्नायूंसाठी ॲक्टिन व मायोसिन, डोळ्याच्या भिंगासाठी क्रिस्टॅलिन. जुने घर पाडून त्याच विटांनी नवे बांधावे, तसे हे काम. काही विटा चुलीत जातात असे मात्र इथे घडते. म्हणून बलकाची प्रथिने घटतात, शरीराची वाढतात आणि एकूण साठा थोडा कमी होतो.

अंड्याचे कवचही प्रथिनांचेच असते. गर्भ स्वतःच एक विकर सोडून ते मऊ करतो आणि बाहेर पडतो. रोहूच्या बाबतीत सुमारे 28 अंश सेल्सियसला हे 15 ते 20 तासांत उरकते. त्यानंतरही पहिले दोन-तीन दिवस पिल्लू उरलेल्या बलकावरच जगते.

या सगळ्या काळात बाहेरून अन्न म्हणून काहीच मिळत नाही. आईने बांधून दिले तेवढेच. म्हणून अंडी घालण्याआधी पकडलेल्या एका मादीबरोबर तिने बांधलेल्या हजारो शिदोऱ्याही जातात. बंदीचे दोन महिने त्या शिदोऱ्यांसाठी आहेत.