छोट्या आगगाडीची रोषणाई : हौस हवी, धोका नको!

अमेरिकेहून मामा येतो आणि भाच्यासाठी आगगाडीचा संच आणतो. जेवणे आटोपतात, दिवाणखान्यातले टीपॉय बाजूला सरकते, जमिनीवर रूळ जोडले जातात. आजोबासुद्धा चष्मा पुसून जवळ येऊन बसतात. बटण दाबताच गाडी भन्नाट सुटते. पण थोड्याच वेळात जळका वास येऊ लागतो. पाहावे तो संचाबरोबर आलेला ट्रान्सफॉर्मर चटका बसेल इतका तापलेला!

असे का होते? अमेरिकेत घरातली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३० व्होल्टची. जवळजवळ दुप्पट दाब मिळाल्यावर तिकडच्या ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यातून मर्यादेबाहेर प्रवाह वाहतो आणि तारेवरचे वेष्टण जळते. पिनांचा आकार बदलणारा साधा अडॅप्टर लावून उपयोग नाही, त्याने व्होल्ट बदलत नाहीत. म्हणून आधी लेबल वाचा. त्यावर ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे असेल तर चिंता नको. नुसते १२० व्होल्ट असेल तर पुरेशा वॉटचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घेतल्याशिवाय प्लग लावू नका.

गाडी धावू लागली की हौस तिथेच थांबत नाही. स्टेशनवर दिवे हवेत, घरांच्या खिडक्या उजळायला हव्यात, सिग्नल लाल-हिरवा व्हायला हवा. पुण्यात १९९८ साली सुरू झालेले जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून आलेली मुले तर घरी येताच असे गाव वसवायचा हट्ट धरतात. गाव जरूर वसवा, पण विजेची आखणी आधी करा.

गाडीची वीज वेगळी, दिव्यांची वेगळी

मूळ वस्तूच्या १/८७ आकाराच्या ‘एचओ’ मापाच्या साध्या गाड्या रुळांतून मिळणाऱ्या सुमारे १२ व्होल्ट डीसीवर चालतात. व्होल्ट कमी-जास्त केले की वेग बदलतो. दिवे याच रुळांना जोडले, तर गाडी थांबताच सारे गाव अंधारात बुडेल. म्हणून दिव्यांसाठी १२ व्होल्ट डीसीचा, बीआयएस नोंदणी चिन्ह असलेला स्वतंत्र अडॅप्टर घ्या. रुळांवर कायम व्होल्ट ठेवणाऱ्या डिजिटल संचातही दिव्यांचा भार वेगळा ठेवणेच चांगले.

आधी हिशेब, मग सोल्डर

तारेचे जुने छोटे बल्ब प्रत्येकी ५०-६० मिलिअँपिअर प्रवाह घेतात आणि तापतात. प्लॅस्टिकच्या घराला खेटून लावले तर छप्पर वितळते. त्यापेक्षा एलईडी बरे. त्यांना १० मिलिअँपिअर पुरतात. मात्र एलईडी कधीही थेट १२ व्होल्टला जोडू नका, क्षणात जळेल. पांढरा एलईडी सुमारे ३ व्होल्ट घेतो. उरलेल्या ९ व्होल्टसाठी १ किलोओहमचा रेझिस्टर लावला की प्रवाह ९ मिलिअँपिअर राहतो. समांतर जोडलेल्या प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टर हवा.

आता बेरीज करा. २० बल्ब ६० मिलिअँपिअरचे, म्हणजे १.२ अँपिअर. तेवढेच एलईडी लावले तर जेमतेम ०.२ अँपिअर. अडॅप्टर कधीही काठोकाठ वापरू नका, पाव भाग तरी क्षमता शिल्लक ठेवा.

शॉक नाही, पण आग?

‘१२ व्होल्टच तर आहेत, काय होणार?’ असे अनेकांना वाटते. कोरड्या हाताला त्याचा झटका बसत नाही, हे खरे. धोका असतो तो शॉर्ट सर्किटचा. काही जण जुन्या संगणकाचा पॉवर सप्लाय दिव्यांसाठी वापरतात. तो १२ व्होल्टवर १० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह देऊ शकतो. केसासारख्या बारीक तारा कुठे एकमेकींना चिकटल्या तर हा सगळा प्रवाह त्यांतून धावतो, तार लाल होते आणि खाली असतो थर्मोकोलचा डोंगर नि कागदाचे गवत!

यावर उपाय स्वस्त आहे. स्टेशन, वस्ती, सिग्नल असे भाग पाडा आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला १ अँपिअरचा फ्यूज बसवा. मुख्य तार जाड घ्या, बारीक तारा फक्त दिव्यापर्यंतच्या छोट्या अंतरासाठी ठेवा. धनभाराला लाल आणि ऋणभाराला काळी तार वापरली की पुढे दोष शोधणे सोपे जाते. रुळांसाठीही एक चाचणी आहे. कंट्रोलर चालू असताना दोन्ही रुळांवर क्षणभर नाणे टेकवा. संरक्षक स्विच लगेच पडला पाहिजे. पडला नाही, तर ताबडतोब वीज बंद करा आणि जोडणी तपासून घ्या.

आईबाबांनी हे पाहावेच

● २३० व्होल्टची कुठलीही जोडणी मांडणीच्या खाली नको. अडॅप्टर बाहेर, मोकळ्या हवेत ठेवा.
● अडॅप्टर उघडणे किंवा दुरुस्त करणे मुलांचे काम नव्हे.
● घराच्या वीजफलकात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या.
● अर्ध्या तासाने अडॅप्टरला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल तर बंद करा.
● खेळ संपला की भिंतीवरचे मुख्य बटण बंद झालेच पाहिजे.

एवढी काळजी घेतली की मग खुशाल खोलीतला दिवा मालवा. इवल्याशा स्टेशनवर दिवे लागलेले असतील, वळणावरून गाडी येत असेल आणि ती पाहायला मुलांच्या आधी आजोबाच जागा पकडून बसलेले असतील.