कमेंटमधलं ‘आरआयपी’ आणि फाटक्या जीन्समधलं ‘रिप’: स्पेलिंग एकच, पण नातं काय?

कुणी नावाजलेला माणूस गेल्याची बातमी आली की पाचव्या मिनिटाला कमेंटमध्ये ‘आरआयपी’ची रांग लागते. काहीजण घाईत ते स्मॉल लिपीत टाकतात. मग एखादा विचारतोच, ‘अरे, रिप म्हणजे फाडणं ना? श्रद्धांजलीत फाडाफाडी कशाला?’

प्रश्न वाटतो तेवढा येडा नाही. इंग्रजीत रिप म्हणजे खरंच फाडणं. पण या दोघांची फक्त स्पेलिंग जुळते, घराणं वेगळं आहे.

श्रद्धांजलीवालं आरआयपी लॅटिनचं. ‘रेक्विएस्कात इन पाचे’, म्हणजे ‘त्याला शांततेत विसावा मिळो’. ही मृतांसाठीची ख्रिस्ती प्रार्थना, आणि थडग्यांवर तिची आद्याक्षरं कोरली जायची. गंमत म्हणजे इंग्रजीतल्या ‘रेस्ट इन पीस’ची आद्याक्षरंही तीच निघाली, त्यामुळे लॅटिन विसरलं गेलं तरी तीन अक्षरं टिकली.

‘आपण आरआयपी लिहू नये’ असे फॉरवर्ड तुम्हालाही आले असतील. मूळ प्रार्थना ख्रिस्ती आहे, एवढं त्यातलं खरं. पण आज इंग्रजीत ती कुठल्याही धर्माच्या माणसासाठी लिहिली जाते. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहायचं की आरआयपी, हा ज्याचा त्याचा प्रश्न. (गेलेला माणूस ओळखीतला असेल तर दोन्हींपेक्षा घरी एक फोन केलेला बरा, पण तो विषय वेगळा.) गेममध्ये गडी आउट झाल्यावर येणारं ‘रिप भावा’ हेही याच आरआयपीचं चेष्टेतलं रूप.

आता फाडणारं रिप. हा शब्द इंग्रजीत 15व्या शतकापासून सापडतो. फ्लेमिश आणि फ्रिजियन या शेजारच्या भाषांत त्याचे भाऊबंद आहेत, म्हणून तो तिकडूनच आला असावा असं मानतात. फाडण्यासाठी इंग्रजीत ‘टेअर’ही आहे, पण रिपमध्ये जोर आहे, झटका आहे. आपण टर्रकन फाडलं म्हणतो ना, ते. शिवण उसवणं म्हणजेही रिप, आणि लाकूड उभं चिरणारी करवत म्हणजे रिप सॉ. 1888 साली लंडनमध्ये बायकांचे खून करणाऱ्या, कधीच न सापडलेल्या माणसाला ‘जॅक द रिपर’ हे नाव पडलं, ते याच अर्थाने.

पुढे शब्द हातपाय पसरत गेला. लुबाडणूक झाली की ‘रिप ऑफ’, जसं आपण खिसा कापला म्हणतो. सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर काढून घेणं म्हणजे रिप करणं. चरबी उतरून स्नायूंच्या रेषा दिसायला लागल्या की बॉडी ‘रिप्ड’. आणि रिप्ड जीन्स तर 2021 साली उत्तराखंडचे तेव्हाचे मुख्यमंत्री तीरथ सिंह रावत यांच्या वक्तव्यामुळे देशभर गाजली. बायकांनी फाटक्या जीन्समधले फोटो टाकून ट्विटर भरून टाकलं होतं.

बेब्लेड बघून मोठे झालेल्यांना ‘लेट इट रिप’ आठवत असेल. भोवरा सोडायला जी दातेरी पट्टी ओढायचो ती रिपकॉर्ड. खरी रिपकॉर्ड मात्र आधी हवेतल्या बलूनची. ती ओढली की कापडाचा एक भाग फाटायचा आणि आतली हवा बाहेर पडायची. पॅराशूटकडे हे नाव नंतर गेलं.

या सगळ्यात एक रिप जिवावर बेतणारा आहे. रिप करंट. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात समुद्राकडे परततं, तो हा प्रवाह. लोक त्याला ‘रिप टाइड’ म्हणायचे, पण तो भरती-ओहोटीने तयार होत नाही. म्हणून 1936 साली फ्रान्सिस शेपर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘रिप करंट’ हे नाव सुचवलं. जोरात असला तर त्याचा वेग सेकंदाला 8 फुटांपर्यंत जातो. ऑलिम्पिकचा पोहणाराही त्याच्याशी सरळ भिडून जिंकणार नाही.

घोळ असा की तो अनेकदा शांत दिसतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असतात आणि मधे पट्टाभर पाणी गडद, बिनलाटांचं. कोकणात, गोव्यात फिरायला गेलेला माणूस नेमकी हीच जागा सेफ समजून उतरू शकतो.

रिप करंट माणसाला खाली खेचत नाही, आत समुद्रात नेतो. माणूस दमतो तो किनाऱ्याकडे सरळ पोहायच्या नादात. म्हणून अडकलात तर आधी तरंगत राहा, हात वर करून मदत मागा. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर पोहा. पट्टा अरुंद असतो, त्यातून बाजूला निघालात की तिरके किनाऱ्याकडे या. आणि दुसरा कुणी अडकलेला दिसला तर मागे उडी टाकू नका. लाइफगार्डला हाक मारा, 112 वर फोन करा आणि तरंगणारं काहीतरी, रिकामा कॅन असला तरी चालेल, त्याच्याकडे फेका.